दोनदा पॉझिटिव्ह आलेला माणूस आकडेवारीत एक की दोन?

मोजपट्टी
नमस्कार. मी एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोविडच्या खुल्या आकडेवारीवर एक प्रकल्प करायला देतो. यंदा एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने मला चांगलेच अडवले. तिच्याकडे इंग्लंडच्या दैनंदिन आकड्यांच्या दोन फायली होत्या, एक जानेवारी २०२२ च्या मध्यात उतरवून घेतलेली आणि दुसरी फेब्रुवारीतली. दोन्हींत डिसेंबर २०२१ मधल्या त्याच दिवसांचे आकडे वेगळे होते आणि नंतरच्या फायलीतले मोठे होते. "सर, डिसेंबर तर होऊन गेला होता, मग त्यातले रुग्ण फेब्रुवारीत कसे वाढले?" असे तिने विचारले.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सीने मोजण्याचा नियम बदलला. तोवर एक माणूस आयुष्यात एकदाच मोजला जात होता. पहिली पॉझिटिव्ह चाचणी आली त्या तारखेला त्याची नोंद व्हायची आणि पुढे तो कितीदाही आजारी पडला तरी एकूण आकडा जागचा हलत नसे. नव्या नियमानुसार दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान ९१ दिवसांचे अंतर असेल तर दुसरी चाचणी हा नवा संसर्ग धरायचे ठरले, आणि हा नियम साथीच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या तारखांना लावला गेला. त्या हिशोबाने ३० जानेवारी २०२२ पर्यंत इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ४८ लाख संसर्ग झाले होते आणि त्यांतले सुमारे ५ लाख ८८ हजार, म्हणजे ४ टक्के, पुन्हा झालेले होते.

विद्यार्थिनीचे समाधान झाले, माझे झाले नाही. एक तर ९१ हा आकडा कुठून आला? आणि दुसरे म्हणजे, ज्या रकान्याला आपण सर्रास 'रुग्णसंख्या' म्हणतो त्यात आता माणसे आहेत की आजारपणे? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया लिहावे.

लीड्सकर
मोजपट्टी सर, मी इंग्लंडमध्ये राहते आणि आरोग्याच्या आकडेवारीशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे शोधते. ते तुकडे जिवंत विषाणूचे आहेत की मेलेल्या विषाणूचा उरलेला कचरा आहेत, हे चाचणीला कळत नाही. माणूस बरा होऊन कामाला लागला तरी कित्येक आठवडे त्याच्या नाकात असे तुकडे सापडू शकतात. २०२० च्या वसंतात दक्षिण कोरियात बरे होऊन घरी गेलेले लोक पुन्हा पॉझिटिव्ह येऊ लागले, तेव्हा मोठी घबराट उडाली होती. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने अशा २८५ जणांचा माग काढला, त्यांच्या ७९० निकटच्या संपर्कांची तपासणी केली आणि या पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांकडून कोणालाही नव्याने लागण झाल्याचे आढळले नाही. त्यांच्या नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवण्याचे प्रयत्नही निष्फळ ठरले.

म्हणजे दुसऱ्या पॉझिटिव्ह अहवालाला लगेच दुसरी लागण म्हटले, तर जुना कचरा नव्याने मोजला जातो. त्यासाठी काही काळ डोळे मिटून घ्यायचे ठरले, आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने २०२० मध्ये जी ९० दिवसांची मर्यादा सुचवली तीच बहुतेकांनी उचलली. नव्वद दिवस उलटल्यावर, म्हणजे एक्याण्णवाव्या दिवसापासून, नवी लागण मोजायची, एवढाच त्या ९१ चा अर्थ आहे. त्यात निसर्गाचा नियम कुठेच नाही, हे मुलांना जरूर सांगा. युरोपच्या ईसीडीसी या तशाच संस्थेने ६० दिवस धरले. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ मध्ये ही मुदत १२ आठवड्यांवरून थेट २८ दिवसांवर आणली गेली आणि न्यूझीलंडनेही त्याच सुमारास तसेच केले. वेल्समध्ये तर ४२ दिवस धरले जात होते. सीमेच्या अलीकडे इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये राहणारा आणि पलीकडे वेल्सच्या कार्डिफमध्ये राहणारा माणूस सारख्याच दोन तारखांना पॉझिटिव्ह आला, दोन्हींत ६० दिवसांचे अंतर असले, तर कार्डिफमध्ये तो दोन संसर्ग म्हणून मोजला जाई आणि ब्रिस्टलमध्ये एक.

प्रश्नचिन्ह
आपल्याकडचा दाखला द्यायचा, तर ऑक्टोबर २०२० मध्ये आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी देशात दुसऱ्यांदा लागण झालेले तीन जण आढळल्याचे सांगितले होते. दोघे मुंबईचे आणि एक अहमदाबादचा. त्या वेळी त्यांनी १०० दिवसांची मर्यादा धरल्याचे सांगितल्याचे आठवते. पुढे आयसीएमआरच्याच संशोधकांच्या अभ्यासात दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये किमान एक निगेटिव्ह चाचणी अशी व्याख्या वापरली गेली. त्यांनी तपासलेल्या १३०० जणांपैकी ५८ जण, म्हणजे ४.५ टक्के, या व्याख्येत बसले.

मधल्या निगेटिव्ह अहवालाची अट मला योग्य वाटते. इंग्लंडने ती का ठेवली नाही?

लीड्सकर
प्रश्नचिन्ह, अट शास्त्राला धरून आहे, पण ती अभ्यासात चालते, देशभराच्या मोजणीत चालत नाही. बरे वाटू लागल्यावर फक्त निगेटिव्ह असल्याची खात्री करायला किती लोक चाचणी केंद्रावर रांग लावतात? ज्यांच्या नोकरीत दर आठवड्याला चाचणी सक्तीची होती, त्यांच्याकडेच मधला निगेटिव्ह अहवाल सापडणार. मग दुसऱ्यांदा लागण झालेल्यांच्या यादीत परिचारिका आणि रुग्णालयांतले कर्मचारी भरतील आणि शेतमजूर गायब होतील.

कोडकरी
मी पुण्यात अमेरिकी रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंग, म्हणजे रुग्णाच्या कागदांवरच्या आजारांना ठरलेले कोड देण्याचे काम, करतो. दिवसांच्या मर्यादेने काय निसटते, याची दोन गाजलेली उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून बघा.

ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने ज्याची माहिती जाहीर केली तो ३३ वर्षांचा माणूस स्पेनहून परतताना विमानतळावरच्या तपासणीत पॉझिटिव्ह आला. पहिल्या लागणीला १४२ दिवस झाले होते आणि या खेपेला त्याला काहीच लक्षणे नव्हती. दुसरा अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातला २५ वर्षांचा तरुण. तो १८ एप्रिल २०२० रोजी पॉझिटिव्ह आला, मे महिन्यात त्याच्या दोन चाचण्या निगेटिव्ह आल्या आणि ५ जून रोजी तो पुन्हा पॉझिटिव्ह आला, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त आजारी पडला. दोघांच्याही बाबतीत दोन्ही वेळच्या विषाणूंचा जनुकीय क्रम तपासून ते वेगळे असल्याची खात्री केली गेली होती.

नेवाडातल्या तरुणाच्या दोन चाचण्यांत अंतर फक्त ४८ दिवसांचे होते. प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या जगातल्या पहिल्या काही पुनर्संसर्गांपैकी हा एक, आणि निव्वळ ९० दिवसांच्या नियमाने तो मोजलाच गेला नसता. आयसीएमआरच्या व्याख्येतली मधल्या निगेटिव्हची अट तो पूर्ण करत होता, पण दिवसांत तोही तिथेच अडकला असता.

विषाणूचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आल्यावर ही उणीव अधिकच उघडी पडली. डेन्मार्कमध्ये २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकाराची लागण होऊन गेलेल्या काही जणांना ६० दिवसांच्या आत बीए.२ या दुसऱ्या उपप्रकाराची लागण झाल्याचे जनुकीय तपासणीत दिसले. अर्थात संख्या थोडी होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असे माझे मत आहे.

आता आमच्या कामाचे. चालू कोविडसाठी यू ०७.१ हा कोड आहे. पूर्वी कोविड होऊन गेला असेल तर १ जानेवारी २०२१ पासून झेड ८६.१६ हा कोड मिळाला. 'दुसऱ्यांदा कोविड' यासाठी वेगळा कोड नाही. एकाच रुग्णाच्या कागदावर दोन्ही कोड दिसले, तर ते दुसरे आजारपण असावे असा अंदाज बांधायचा, आणि तोही डॉक्टरांनी पूर्वीच्या कोविडचा उल्लेख केला असेल तरच.

सह्यकडा
मी यातला जाणकार नाही, पण त्या काळात बातम्यांत वाचले होते की ओमायक्रॉन आल्यावर इंग्लंडमध्ये पुनर्संसर्ग १० टक्क्यांवर गेला. म्हणजे ज्यांना आधी कोविड झाला होता त्यांच्यातल्या दर दहांतल्या एकाला तो पुन्हा झाला, असाच अर्थ ना?

मोजपट्टी
सह्यकडा, असा अर्थ होत नाही, आणि तुमची चूकही नाही, कारण बातमीत छेद, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा, कोणता हे सांगितलेले नसते. एजन्सीने जे प्रसिद्ध केले ते असे होते की १६ नोव्हेंबर २०२१ पर्यंत नोंदल्या गेलेल्या संसर्गांत दुसऱ्यांदा झालेल्यांचे प्रमाण सरासरी १.४ टक्के होते आणि त्यानंतर ते सुमारे १० टक्के झाले. इथे छेदात त्या काळातले सगळे नवे संसर्ग आहेत. आधी बाधित झालेले सगळे लोक तिथे नाहीत.

फरक किती पडतो हे एका काल्पनिक शहरावर बघा. लोकसंख्या १० लाख, एका आठवड्यात १०,००० नवे संसर्ग, त्यांतले १,००० दुसऱ्यांदा. म्हणजे प्रमाण १० टक्के. आता आधी बाधित झालेले लोक १ लाख असतील, तर त्यांच्यातल्या १ टक्क्याला लागण झाली आणि उरलेल्या ९ लाखांतल्या ९,००० जणांना, म्हणजे त्यांच्याही १ टक्क्यालाच. पूर्वीच्या आजारपणाने काडीचेही संरक्षण दिले नाही, असा निष्कर्ष निघेल. पण आधी बाधित झालेले ३ लाख असतील तर? त्यांच्यात दर पडतो ०.३३ टक्के आणि इतरांत सुमारे १.२९ टक्के. आता त्याच १० टक्क्यांतून दिसते की आधी आजारी पडलेल्यांना धोका जवळपास एक चतुर्थांशच होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी हे फार नीट हाताळले होते. २७ नोव्हेंबर २०२१ च्या किमान ९० दिवस आधी ज्यांचा पॉझिटिव्ह अहवाल नोंदला गेला होता, म्हणजे ज्यांना नियमानुसार दुसऱ्यांदा मोजता येणे शक्य होते, अशा २७,९६,९८२ लोकांचाच छेद त्यांनी धरला आणि त्यांत ३५,६७० संशयित पुनर्संसर्ग मोजले. ओमायक्रॉनच्या वेळी धोका वाढल्याची खूण त्यांना अशा मोजणीतून दिसली. हा अभ्यास मी आता वर्गात दाखवणार आहे.

जुनी_नोंदवही
मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो. माझी बहुतेक नोकरी हिवतापाच्या कामात गेली आणि २०२१ मध्ये काही महिने एका स्वॅब केंद्रावर नोंदी करायला बोलावले होते. दोन्हींचा अनुभव सांगतो.

हिवतापात 'माणूस एक की दोन' हा वाद आम्ही कधी घातलाच नाही. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीच्या कडेला क्रमांक लिहायचा आणि तपासणीचा निकाल आला की त्या क्रमांकापुढे नोंद करायची. वर्षाअखेरीस पॉझिटिव्ह काचपट्ट्यांची बेरीज जायची. एखाद्याला व्हायवॅक्स हा उलटू शकणारा हिवताप झाला, त्याने चौदा दिवसांच्या प्रायमाक्विन गोळ्यांचा कोर्स पाचव्या दिवशीच सोडला आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा थंडीने कुडकुडत आला, तर त्याच्या नावावर दोन पट्ट्या पडायच्या आणि आकडा दोनने वाढायचा. आम्हाला तो आकडा रोगाचा जोर कळण्यासाठी हवा होता. किती माणसे बाधित झाली, हे त्यातून सांगता येते असा दावा कोणी केला नव्हता.

कोविडच्या केंद्रावर मात्र माणूस ओळखण्याचा प्रश्न आला, आणि ओळखायचे कशावरून? मोबाइल नंबरवरून. एका घरातले पाच जण येत आणि पाचही अर्जांवर धाकट्या मुलाचा नंबर असे. नाव एकदा 'सुरेश' लिहिलेले, पुढच्या वेळी 'सुरेशराव', तिसऱ्या खेपेला फक्त आडनाव आणि आद्याक्षर. वय विचारले की "लिहा पन्नास" असे उत्तर येई आणि तीन महिन्यांनी तोच माणूस "लिहा पंचावन्न" म्हणे. सोमवारी एका ठिकाणी अँटिजेन पॉझिटिव्ह आलेला माणूस खात्री करायला बुधवारी दुसरीकडे आरटी-पीसीआर करी आणि तिथे बायकोचा नंबर देई. अशा नोंदींत दोन दिवसांच्या अंतराने तो दोन माणसे होतो, आणि सहा महिन्यांनी खरोखर दुसऱ्यांदा आजारी पडला तर जुन्या नोंदीशी जुळत नसल्याने पहिल्यांदाच आजारी पडलेला तिसरा माणूस होतो. तुम्ही ९० दिवस धरा की ६०, आधी दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे तर कळले पाहिजे.

लीड्सकर
काका, तुम्ही मुळावरच बोट ठेवलेत. इथे प्रत्येकाला दहा आकडी एनएचएस (सरकारी आरोग्य सेवेचा) क्रमांक असतो आणि प्रयोगशाळेचे अहवाल त्यावर जोडले जातात, म्हणून ३१ जानेवारीला मागच्या दोन वर्षांचा हिशोब नव्याने मांडता आला. तरीही घरी केलेल्या चाचण्यांचा निकाल लोकांनी स्वतःहून कळवायचा होता, आणि १ एप्रिल २०२२ पासून बहुतेकांसाठी मोफत चाचण्या बंद झाल्यावर तर ही मोजणी जवळजवळ निरर्थक झाली. तिसऱ्यांदा खोकणारा माणूस घरात बसून राहतो, त्याची नोंद कुठून होणार?

मृत्यूंच्या आकड्यावरही या नियमाचा परिणाम झाला. ऑगस्ट २०२० पर्यंत इंग्लंडमध्ये पॉझिटिव्ह आलेला माणूस नंतर कधीही आणि कशानेही दगावला तरी तो कोविडचा मृत्यू धरला जाई. १२ ऑगस्ट २०२० रोजी २८ दिवसांची मर्यादा घातली गेली आणि ब्रिटनचा एकूण आकडा एका दिवसात ५,३७७ ने घटला. हे सर्वांना आठवते. पण हे २८ दिवस पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून मोजले जात होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बाधित होऊन बरी झालेली एखादी आजी जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा पॉझिटिव्ह आली आणि दहा दिवसांत गेली, तर तिचे अठ्ठावीस दिवस सव्वा वर्षापूर्वीच संपलेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी कोविड लिहिला असेल तर दाखल्यांवरून होणाऱ्या वेगळ्या मोजणीत ती यायची, पण रोज टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या आकड्यात येत नसे. ३१ जानेवारीच्या बदलानंतर हे दिवस शेवटच्या संसर्गापासून मोजले जाऊ लागले.

प्रश्नचिन्ह
मग भारतात दुसऱ्यांदा लागण झालेल्यांचा आकडा निघणे अशक्यच म्हणायचे.

कोडकरी
नोंदींवरून तरी तो आकडा निघणार नाही. कारण पहिली लागणच नोंदली गेलेली नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात होत्या. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे आधी लागण होऊन गेल्याची खूण, सापडली आणि इतर वस्तीत १६ टक्के. त्यांतल्या बहुतेकांची स्वॅब चाचणी कधी झालीच नव्हती. अशी व्यक्ती २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पॉझिटिव्ह आली असेल, तर सरकारी कागदावर ती पहिलीच लागण आहे.

देशाचे चित्रही तेच होते. आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे होती. यात लसीचा वाटा होता हे खरे, पण लस न घेतलेल्यांतही प्रमाण ६२.३ टक्के होते. त्या वेळी देशात नोंदलेले एकूण रुग्ण तीन कोटींच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येच्या दोन-सव्वादोन टक्के. एवढ्या तुटपुंज्या पहिल्या यादीशी दुसरी यादी जुळवून पुनर्संसर्ग मोजणे म्हणजे गळक्या घागरीतले पाणी लिटरमध्ये सांगणे आहे. शिवाय या यादीत ज्यांना चाचणी परवडली, सापडली किंवा करावी लागली तेच लोक आहेत.

मोजपट्टी
सर्वांचे आभार. एका मुद्द्यावर मी स्वतः अडखळलो होतो, तो इथे नोंदवतो, कारण अन्य शिक्षकांना उपयोग होईल. नव्वद दिवस कुठून मोजायचे, हेही ठरवावे लागते. एखादा माणूस पहिल्या, एकाहत्तराव्या आणि एकशेएक्केचाळिसाव्या दिवशी पॉझिटिव्ह आला असे समजा. मुदत त्या आजारपणातल्या पहिल्या चाचणीपासून मोजली, तर तिसरी चाचणी १४० दिवसांनी आली आहे, म्हणून संसर्ग दोन. मुदत लगतच्या आधीच्या पॉझिटिव्ह चाचणीपासून मोजली, तर प्रत्येक वेळी अंतर ७० दिवसांचेच आहे, म्हणून संसर्ग एकच, पाच महिने लांबलेला. इंग्लंडचा नियम दोन पॉझिटिव्ह चाचण्यांमधल्या अंतराचा असल्याने तिथे दुसरी पद्धत लागू पडते. दर आठवड्याला चाचणी होणाऱ्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला हा फरक फार जाणवेल.

काल विद्यार्थिनीची फाइल पुन्हा उघडली. तिने इंग्लंड आणि वेल्स यांचे आकडे एकाच रकान्यात बेरीज करून ठेवले होते आणि वर 'रुग्ण' असे लिहिले होते. ती बेरीज मी तिला मोडायला लावली. आता दोन रकाने आहेत. एकावर 'नोंदलेले संसर्ग, ९१ दिवस' आणि दुसऱ्यावर 'नोंदलेले संसर्ग, ४२ दिवस' असे लिहिले आहे. भारताच्या रकान्यावर काय लिहावे हे तिने विचारले, तेव्हा जुनी_नोंदवही काकांचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. तिने तिथे 'पॉझिटिव्ह अहवाल' असे लिहिले आहे.

जुनी_नोंदवही
बरोबर लिहिले आहे पोरीने. आम्ही पट्ट्या मोजत होतो, तसेच.